मैदान मागण्याआधी रस्त्याची कड मोजा

प्रश्न विचारणारे नाशिकच्या मेन रोडवरचे कापड व्यापारी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार या पट्ट्यात ग्राहकाला गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तो कॉलेज रोडला नाहीतर मॉलमध्ये जातो. बाजाराला लागूनच महापालिकेचं एक जुनं मैदान आहे. शेजारची मनपा शाळा बंद झाली तेव्हापासून तिथे सकाळ-संध्याकाळ पोरं टेनिस बॉलवर क्रिकेट खेळतात, दुपारभर ते रिकामं असतं. तिथे पे अँड पार्क करावं, पुढे जमलं तर बहुमजली वाहनतळ बांधावा, महापालिकेलाही उत्पन्न होईल. आसपासच्या पालकांचा आणि खेळणाऱ्यांचा याला विरोध आहे. तर महापालिकेकडे मागणी नेमकी काय करायची?

माझा व्यवसाय वाहतूक नियोजनाचा, आणि त्यातलं बरंचसं काम जुन्या गावठाणांतलं. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना राग आला तरी कारण कळेल. मैदान मागू नका. रस्त्याच्या कडेची जागा मागा, तिला दर लावून मागा आणि तो दर खरोखर वसूल होईल अशी व्यवस्था मागा. मैदानावर गाड्या लावल्या तरी तुमच्या दुकानासमोरची अडचण तशीच राहील. रस्त्याच्या कडेची जागा फुकट आहे आणि कितीही वेळ अडवता येते, अडचणीचं मूळ त्यात आहे.

साडेदहा-अकराला शटर वर जातात तेव्हा एकदा रस्त्याच्या कडेकडे बघा. ग्राहक अजून घरून निघालेला नसतो आणि कड भरलेली असते. या गाड्या कुणाच्या? दुकानमालकाची स्वतःची, भावाची, चार सेल्समनच्या दुचाक्या, वरच्या मजल्यावरच्या वकिलाची, सीएची, पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांच्या. या गाड्या रात्री नऊला हलतात. एका दुचाकीने नऊ तास अडवलेल्या जागेत पाऊण-पाऊण तास थांबणारे बारा ग्राहक येऊन गेले असते. हे व्यापारी मंडळाच्या बैठकीत बोललं की शांतता पसरते, कारण सगळ्यांना ते माहीत असतं. तुमच्या बाजारात हेच चाललंय असा माझा दावा नाही. जुन्या बाजारांत बहुतेक वेळा हेच निघतं, एवढंच. तुमच्याकडे काय आहे ते मोजून बघता येतं, आणि त्यासाठी कुठल्या कन्सल्टंटची गरज नाही.

मोजणी अशी करा. रस्त्याचे साधारण शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक बाजूला एक मुलगा किंवा मुलगी. कॉलेजची मुलं हे काम उत्तम करतात, दिवसाचा मेहनताना द्या. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला एक फेरी. प्रत्येक फेरीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि गाडीचा प्रकार लिहायचा: दुचाकी, चारचाकी, रिक्षा, टेम्पो. हातगाडी असेल तर तीही. नो पार्किंगमधली गाडी सोडायची नाही, उलट तिच्यापुढे खूण करायची. असे दोन दिवस घ्या. एक साधा वार, आणि दुसरा बुधवार, कारण गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, आठवडे बाजारामुळे पंचवटी आणि रविवार कारंजाकडची गर्दी त्या दिवशी वेगळीच असते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, गणपती, लग्नसराईची ऐन तारीख टाळा. त्या दिवसांसाठी कायमची व्यवस्था आखायची नसते.

हे आकडे एक्सेलमध्ये भरले की तीन गोष्टी बाहेर येतात. दर अर्ध्या तासाला कड किती टक्के भरलेली होती. एक गाडी सरासरी किती वेळ थांबली. आणि एका जागेवर दिवसभरात किती गाड्या येऊन गेल्या. तिसरा आकडा दुकानदाराच्या कामाचा, कारण गल्ला त्याच्यावर चालतो. दुचाकी आणि चारचाकीचे हिशेब वेगळे ठेवा. दोन्ही एकत्र केले की सरासरी खोटं बोलते.

त्याच दिवशी दुकानात आलेल्या ग्राहकाला एकच प्रश्न विचारा: कशाने आलात? दुकानदाराला वाटतं त्यापेक्षा चारचाकीतून येणारे कमी निघतात, असा बऱ्याच शहरांतल्या पाहण्यांचा अनुभव आहे. पायी आलेली, रिक्षाने उतरलेली, सिटीलिंकच्या बसने शालिमारला किंवा सीबीएसला येऊन चालत आलेली बाई तुमच्या नजरेत भरत नाही. कारवाला भरतो, कारण तो आल्या आल्या पार्किंगची तक्रार करतो.

आता भूमितीचं थोडं. चारचाकी रस्त्याला समांतर लावली की कडेचे जवळपास सहा मीटर खाते. तेवढ्याच लांबीत दुचाक्या काटकोनात लावल्या तर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतल्या मापाने, म्हणजे एक मीटर बाय दोन मीटरने, सहा दुचाक्या बसतात. प्रत्यक्षात लोक आठ घुसवतात. समजा मेन रोडची ३०० मीटर लांबी एका बाजूने फक्त दुचाक्यांना दिली. गल्ल्यांची तोंडं, रिक्षा थांबा, चालणाऱ्यांना ओलांडायची जागा, मंदिराचं दार हे सगळं वजा करून २०० दुचाक्यांची जागा धरू. प्रत्येक जागेवर दर तासाला गाडी बदलली आणि जागा ८५ टक्के भरलेली राहिली, तर दहा तासांत १,७०० दुचाक्या येऊन जातात. यात वीट रचावी लागत नाही, फक्त रंग लागतो आणि माणसं.

८५ टक्केच का? कारण शंभर टक्के भरलेला रस्ता म्हणजे प्रत्येक नवा येणारा माणूस चक्कर मारतोय. सहा-सात जागांमागे एखादी मोकळी दिसली की चक्कर मारणं बंद होतं, आणि गावठाणातल्या कोंडीतला मोठा भाग या चकरांचाच असतो. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी ही मोकळ्या जागेची कसोटी लोकप्रिय केली: दर असा ठेवा की प्रत्येक पट्ट्यात एक-दोन जागा कायम रिकाम्या राहाव्यात. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हे पट्ट्यापट्ट्याने करून पाहिलं. गर्दीच्या ठिकाणी दर चढले, पडीक ठिकाणी उतरलेही. आपल्याकडे दर उतरवण्याची कल्पना कुणाला सुचत नाही, आणि दर चढवायचं धाडस कुणाला होत नाही. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तेही प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं, आणि ते कागदावरच राहिलं.

दराची उतरंड बरोबर लागली पाहिजे. दुकानासमोरची जागा सगळ्यांत महाग, वाहनतळ त्याहून स्वस्त, दहा मिनिटं चालायला लावणारी जागा सगळ्यांत स्वस्त. आपल्याकडे ती बरोबर उलटी आहे: रस्ता फुकट आणि वाहनतळाला पावती. मग शहाणा माणूस वाहनतळात का जाईल? मुंबईत सार्वजनिक वाहनतळ ओस पडू लागले तेव्हा २०१९ च्या जुलैत तिथल्या महापालिकेला त्यांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी हजारो रुपयांचा दंड जाहीर करावा लागला. तुमच्या मैदानाचंही तेच होईल. पहिल्या महिन्यात उद्घाटनाचा फलक, सहाव्या महिन्यात अर्धी जागा रिकामी, आणि मेन रोड होता तसाच. शिवाय तोपर्यंत मैदान गेलेलं असेल.

माझ्या मते मेन रोडसारख्या अरुंद रस्त्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ चारचाकी लावायला परवानगीच असू नये. अपंग व्यक्तीची गाडी आणि माणसं उतरवण्यापुरती पाच मिनिटं, एवढाच अपवाद. दुचाकीला चढता दर ठेवा: पहिल्या तासाला दहा रुपये असतील तर दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला चाळीस. सेल्समन दुसऱ्याच दिवशी दुसरी जागा शोधतो. पहिली पंधरा मिनिटं फुकट ठेवण्याचा आग्रह हमखास होतो. तो मान्य करू नका, कारण पावती फाडणाऱ्या पोराशी रोज दीडशे वेळा ‘आत्ताच तर लावली’ हा वाद होतो आणि आठवडाभरात वसुली बंद पडते.

टेम्पोंचं वेगळं. भद्रकाली, दूध बाजार, भांडी बाजार या भागांत माल उतरवणं हा धंद्याचा श्वास आहे, तो बंद करता येत नाही. पण सकाळी दहाच्या आत आणि रात्री नऊनंतर, कडेला आखून दिलेल्या जागांमध्येच माल उतरवला जायला हवा. हे ट्रान्सपोर्टवाल्यांवर लादण्यापेक्षा व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं जास्त टिकतं. फेरीवाल्यांना मात्र पार्किंगच्या नावाखाली हुसकवू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण आहे, शहर फेरीवाला समितीला विचारल्याशिवाय केलेली हकालपट्टी न्यायालयात टिकत नाही, आणि खरं तर त्यांच्यामुळेच रस्त्यावर ग्राहक असतो.

वसुलीचा ठेका हा या सगळ्यातला कच्चा दुवा. नेहमीची पद्धत अशी: जो वर्षाची ठोक रक्कम जास्त भरेल त्याला ठेका. त्याने पैसे आधी भरलेले असतात, मग तो पट्ट्याबाहेर गाड्या लावतो, दोन ओळींच्या तीन करतो, पावतीवर एक आणि तोंडी एक दर सांगतो. गाडी नऊ तास थांबली तर त्याला आनंदच, कारण ओळखीच्या माणसाशी त्याचं महिन्याचं ठरलेलं असतं. जागा फिरती राहावी हा आपला उद्देश आणि गाड्या कोंबाव्यात हा त्याचा, असे दोन उलटे हेतू एका करारात बसत नाहीत. त्याऐवजी ठेकेदाराला सेवेचे पैसे द्या, म्हणजे माणसं, मशीन, गणवेश, देखभाल यांची ठरलेली रक्कम, आणि वसुली यूपीआय किंवा मशीनमधून थेट महापालिकेच्या वेगळ्या खात्यात जाऊ द्या. निविदेत एक अट घाला: कड सतत तुडुंब भरलेली आढळली तर ठेकेदाराचे पैसे कापले जातील. ही अट बघून निम्मे इच्छुक गळतात, उरतात ते कामाचे.

नाशिकमध्ये स्मार्ट सिटीच्या काळात सेन्सर आणि ॲपवरच्या पार्किंगचा प्रयोग होऊन गेला. तो टिकला नाही, आणि त्यावरून लोक ‘इथे पार्किंगला पैसे चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. सेन्सर जागा भरली हे सांगतो, पण गाडी उचलायला माणूस पाठवत नाही. गाडी उचलण्याचा, चलन करण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा. रस्ता महापालिकेचा, पार्किंग कुठे आणि कसं याची अधिसूचना पोलीस आयुक्तालयाची, आणि गाडी लावायच्या जागा ठरवण्याचा आधार मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमात. ई-चलनाचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो, पावतीचे पैसे महापालिकेच्या. दोघांचे खिसे वेगळे असल्यामुळे कुणीच मनापासून उभं राहत नाही. म्हणून तुमच्या अर्जात महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त दोघांची नावं असली पाहिजेत, आणि मागणी दोघांमधल्या लेखी समजुतीची: या पट्ट्यासाठी या वेळेत इतके वाहतूक कर्मचारी, इतक्या टोइंग गाड्या. ही समजूत झाली नाही तर पट्टे रंगवण्याचा खर्चही वाया.

पैसे कुठे जातील हेही आधी लिहून घ्या. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनी पार्किंग मीटरला विरोध केला होता. १९९३ मध्ये शहराने कबूल केलं की मीटरचा पैसा याच पेठेच्या फुटपाथवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च होईल, तेव्हा तेच दुकानदार मीटर लवकर बसवा म्हणू लागले. तुमच्या बाजारात स्त्रियांसाठी एकही बरं स्वच्छतागृह नसेल तर पहिल्या वर्षाचा पैसा त्यावर लावा. एखाद्या वर्षाने कुणी दर विचारायच्या आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारेल.

आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही. महात्मा गांधी रोड, शालिमार, शरणपूर रोड या भागांतल्या व्यापारी इमारतींचे मंजूर नकाशे काढा. बहुतेकांच्या तळघरात किंवा तळमजल्यावर पार्किंग दाखवलेलं असतं. तिथे आज गोदाम आहे, झेरॉक्सचं दुकान आहे, कुठे क्लास चालतोय. नकाशा आणि भोगवटा दाखल्याची प्रत माहिती अधिकारात मिळते. परवानगीशिवाय वापर बदलणं हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ५२ आणि ५३ कलमांखाली कारवाईला पात्र आहे. यात अडचण एवढीच की या इमारतींतले गाळे बऱ्याचदा तुमच्याच सभासदांचे असतात. पण मैदान मागायला जाताना हे तुमच्या विरोधात निघणार, तेव्हा स्वतःच आधी काढलेलं बरं.

आता मैदानाकडे येऊ. ते ८० बाय ६० मीटर असेल असं समजा. कडेची झाडं, फाटक, वळायची जागा सोडून ४,००० चौरस मीटर हातात येतात. येण्या-जाण्याच्या मार्गिकेसह एका चारचाकीला साधारण २५ चौरस मीटर धरले तर १६० गाड्या. दिवसभरात प्रत्येक जागा तीन-चार वेळा फिरली तरी पाच-सहाशे गाड्या. मघाच्या १,७०० दुचाक्यांशी हा आकडा ताडून बघा. शिवाय या सगळ्या गाड्या त्या मैदानापर्यंत पोचणार गावठाणातल्या एखाद्या सहा-सात मीटर रुंदीच्या रस्त्यानेच. संध्याकाळी सातला फाटकावर आत येणाऱ्यांची आणि बाहेर पडणाऱ्यांची गाठ पडली की रांग मेन रोडवर येणार.

बहुमजली केलं तर? रॅम्प, खांब, जिने यांत जागा जाते, एका गाडीमागे ३० चौरस मीटरच्या वर लागतात. यांत्रिक वाहनतळात जागा वाचते, पण गाडी खाली यायला वेळ लागतो, वीज गेली की जनरेटर, देखभालीचा करार संपला की कुलूप. आणि आपल्या मुख्य वाहनाला, दुचाकीला, त्याचा उपयोग नाही. तळघराचा तर विचारच करू नका. २००८ च्या पुरानंतर गोदेचं पाणी कुठवर येतं हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाच्या विसर्गानंतर गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली आणि सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल. घाटावर लावलेल्या गाड्या दर पावसाळ्यात वाहून जातात तरी लोक लावतातच. त्याच्याच उशाला तळघरात शंभर गाड्या ठेवण्याचं काम कुठल्याही जबाबदार अभियंत्याने करू नये.

कायद्याची बाजू तुम्हाला वाटते त्याहून जड आहे. सगळ्यांत आधी महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. तिथे ‘क्रीडांगण’ लिहिलंय, ‘शाळा व क्रीडांगण’ लिहिलंय की काही वेगळं, यावर पुढचं सगळं अवलंबून. मग सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढा. जमीन महापालिकेच्या मालकीची म्हणून सगळे बोलत असतात, आणि पत्रिकेवर निघतं की सरकारने ती शाळेसाठी किंवा खेळासाठी दिलेली आहे. तसं असेल तर वापर बदलला की शर्तभंग, आणि विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. कुणी दानपत्राने दिलेली जमीन असेल तर त्यातल्या अटी वाचा. आराखड्यात क्रीडांगण असेल तर बदलासाठी नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाची प्रक्रिया लागते: महापालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, लोकांच्या हरकती, सुनावणी, मग राज्य सरकारची मंजुरी. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. तेव्हापासून अशा प्रत्येक प्रकरणात तो निकाल पुढे केला जातो. तुमच्या विरोधातल्या पालकांना चांगला वकील मिळाला तर पाच वर्षं खटला, आणि त्या पाच वर्षांत मैदानही नाही आणि पार्किंगही नाही.

‘दोन्ही करू, दुपारी पार्किंग आणि सकाळ-संध्याकाळ खेळ’ हा तोडगा ऐकायला छान वाटतो. पण बाजाराची गर्दी पाच ते नऊ, आणि मुलं शाळेतून सुटून मैदानावर येतात चार ते सात. दोघांची वेळ एकच. दुपारी दोनला गाडी लावलेला माणूस पाचला येणार याची खात्री कोण देणार? त्यात गाड्यांच्या वजनाने माती दबते, पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात, मग चिखल नको म्हणून मुरूम टाकतात, मग खडी, मग पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक बसलेलं मैदान परत मैदान झालेलं मी पाहिलेलं नाही.

सणासुदीची गोष्ट वेगळी. धनत्रयोदशी ते भाऊबीज, असे मोजके दिवस मैदानावर गाड्या लावायला हरकत नसावी. क्रीडांगणाच्या तात्पुरत्या वापरासाठी नगररचना कायद्यात ३७-अ हे कलम आहे, त्यात दिवसांची मर्यादा आहे. ती पाळून वर्षाचं वेळापत्रक जानेवारीतच जाहीर करा: गणपतीचे मंडप, फटाक्यांचे स्टॉल, सभा, प्रदर्शन, पार्किंग सगळं त्याच मर्यादेत बसवायचं. एकाला दिलं की दुसऱ्याचे दिवस कमी. खेळपट्टीला दोरी, खांब पुरण्यासाठी खड्डे खणायला मनाई, मुरूम टाकायला मनाई, आणि दुरुस्तीची अनामत आधी. अनामत परत मिळायला महिना लागला तरी चालेल, पण दुरुस्ती आठवड्यात झाली पाहिजे.

इथे सिंहस्थाबद्दल एक इशारा. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या कामांत वाहनतळ हा शब्द दर दुसऱ्या पानावर दिसतो, आणि त्या ओघात आपलंही मैदान घालून घ्यावं असा मोह होणं साहजिक आहे. पण पर्वणीच्या दिवशी गावठाणात खासगी गाड्या येऊच देत नाहीत. २०१५ मध्येही भाविकांच्या गाड्या शहराबाहेर थांबवून पुढे बसने आणि पायी आणलं होतं. म्हणजे कुंभासाठी बाजाराच्या मध्यभागी वाहनतळाची गरज नाही. तुमच्या मैदानाचं नाव त्या यादीत दिसलं तर ते कुणाच्या सोयीने आलं ते शोधा.

मग मैदानाचं करायचं काय? दुपारी रिकामं दिसतं म्हणून पडीक म्हणायचं असेल तर गोल्फ क्लब मैदानही दुपारी बाराला ओसच असतं. पहाटे तिथे चालणाऱ्यांची रीघ असते, आणि रणजीचे सामनेही तिथे झालेत. तुमच्या मैदानाची मोजणीसुद्धा रस्त्यासारखीच करा: सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी चार ते सात, किती मुलं, किती मुली, किती ज्येष्ठ. मुली नसतील तर का नाहीत ते बघा. बहुतेक वेळा उत्तर असतं की दिवा नाही, स्वच्छतागृह नाही आणि फाटकावर टोळकं बसतं. पाण्याचा नळ, दोन स्वच्छतागृहं, चार दिवे, रस्त्याकडच्या बाजूला उंच जाळी आणि एक रखवालदार, एवढ्यात मैदान जिवंत होतं. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं. दोन्ही आखून उरलेल्या जागेत क्रिकेट सुखाने चालतं. फक्त टर्फवाल्याला चालवायला देऊ नका. तासाला हजार रुपये मोजणारे रात्री अकरापर्यंत खेळतील आणि आज फुकट खेळणारी भद्रकालीतली पोरं जाळीबाहेरून बघतील. द्यायचंच झालं तर सकाळचे तीन आणि संध्याकाळचे तीन तास सगळ्यांना मोफत, आणि मुलींसाठी राखीव वेळ, या अटी करारात हव्यात. फलकावर लिहिलेल्या अटींना कुणी विचारत नाही.

बंद शाळेबद्दल: शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण लागतं असं स्पष्ट आहे. मैदान गेलं तर ती शाळा पुन्हा सुरू करण्याचा रस्ताही बंद होतो. पण शाळेच्या इमारतीपुढे फरशीचं किंवा काँक्रीटचं अंगण असेल तर तिथे मला तुमच्यासाठी थोडी जागा दिसते. शाळा बंद आहे तोपर्यंत, वर्षावर्षाच्या परवानगीने, दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या दुचाक्यांना मासिक पास. २० बाय ३० मीटरच्या अंगणात, मध्ये मार्गिका सोडून, दोनशेच्या आसपास दुचाक्या मावतात. यासाठीही नगररचना आणि मिळकत विभागाचा अभिप्राय घ्या. पास दुकानाच्या नावाने द्या आणि त्याचे पैसे मालकाने भरावेत. दिवसभर कड अडवणाऱ्या गाड्या इथे आल्या की समोरची जागा ग्राहकाला मोकळी होते. तुम्ही मैदान मागत होतात ते याचसाठी.

अर्ज लिहिताना त्यात मोजणीचे आकडे जोडा, अंगणाच्या पासची मागणी करा, मेन रोडच्या एका ठरावीक पट्ट्यावर सहा महिन्यांचा सशुल्क प्रयोग मागा, टेम्पोंच्या वेळा तुमच्याच सह्यांनी कळवा. मैदानाला हात लागणार नाही हे वाक्य तुमच्याच अर्जात असू द्या. पालकांची सही मिळेल, आणि व्यापारी आणि रहिवासी एकत्र आलेला अर्ज आयुक्तांच्या टेबलावर फार येत नाही. सहा महिन्यांनी त्याच मुलांकडून, त्याच पट्ट्यांवर, त्याच दोन वारी पुन्हा मोजा. दर दोनदा वाढवूनही कड ८५ टक्क्यांच्या खाली येत नसेल आणि आसपासचे सगळे वाहनतळही भरलेले असतील, तर वाहनतळाची इमारत मागायला तुमच्याकडे आधार आहे. तीही महापालिकेच्या सध्याच्या एखाद्या पे अँड पार्कच्या जागेवर मागा, पूररेषेबाहेर, आणि तळमजला दुचाक्यांना ठेवून.